हाडांतून अन्न काढणारा देनी पापँ

वाफेच्या यंत्राचा इतिहास वाचताना देनी पापँ याचे नाव एखाद्या ओळीत येते आणि मागे पडते. आम्हांस मात्र त्याचे स्मरण होते ते खाटकाच्या दुकानामागे टाकून दिलेल्या हाडांवरून.

पापँ १६४७ मध्ये फ्रान्समधील ब्ल्वा या नगराजवळ जन्मला. शिक्षणाने तो वैद्य. परंतु रोग्यांपेक्षा यंत्रांतच त्याचे मन अधिक रमले. पॅरिसला हायगेन्झ व लंडनला बॉइल अशा थोर शास्त्रज्ञांच्या हाताखाली त्याने काम केले आणि १६७९ मध्ये रॉयल सोसायटीपुढे आपले ‘डायजेस्टर’ नावाचे पात्र मांडले. जाड धातूच्या या भांड्याचे झाकण घट्ट आवळले की आत वाफ कोंडते, दाब वाढतो आणि पाणी शंभर अंशांच्या वरही तापत जाते. भांडे फुटू नये म्हणून त्याने वजन लावलेल्या तरफेची झडप बसविली. आपल्या घरातील प्रेशर कुकर हा त्याच पात्राचा वंशज होय.

पापँचे लक्ष होते हाडांकडे. हाडांत कोलॅजेन नावाचे प्रथिन असते. उघड्या पातेल्यात ते सुटण्यास फार वेळ व पुष्कळ सरपण लागते. या पात्रात त्याचे लवकर जिलेटिन होते. रस निवला की जिलेटिनचे धागे एकमेकांत गुंततात व आपल्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरून ठेवतात. आजचे शास्त्र अशा पदार्थास हायड्रोजेल म्हणते. (माशांचे खवले व कातडी यांपासूनही आता जिलेटिन काढतात, आमच्या किनाऱ्यावरील विद्यार्थ्यांनी हे ध्यानी ठेवावे!) १६८२ मध्ये सोसायटीच्या सभासदांना पापँने या पात्रात शिजविलेले जेवण दिले. मऊ झालेली हाडे व त्यांचा थिजलेला रस पाहुण्यांस पसंत पडला, असे जॉन एव्हलिनच्या रोजनिशीवरून दिसते. थोड्या कोळशावर गरिबाच्या ताटात अन्न पडावे, हा पापँचा हेतू. एकटे जिलेटिन हे पूर्णान्न नव्हे, हे पुढे कळले. पण त्यामुळे तो हेतू उणा ठरत नाही.

धर्माने तो प्रॉटेस्टंट. १६८५ मध्ये फ्रान्सच्या राजाने त्या पंथाची मोकळीक काढून घेतली आणि पापँला मायदेशाचे दार बंद झाले. जर्मनीत मारबुर्ग येथे तो गणिताचा प्राध्यापक झाला. वाफेने दट्ट्या हलविण्याची कल्पना त्याने १६९० मध्ये प्रसिद्ध केली. १७०७ मध्ये स्वतः बांधलेली चाकांची नाव घेऊन तो इंग्लंडकडे निघाला, तर म्युंडेन येथे नावाड्यांनी ती मोडून टाकली. लंडनला पोहोचला तेव्हा बॉइल निवर्तून सोळा वर्षे झाली होती. सोसायटीकडे त्याने वारंवार साहाय्य मागितले. हाती फारसे काही आले नाही. सेंट ब्राइड्स चर्चच्या दफन-नोंदवहीत २६ ऑगस्ट १७१३ या दिवशी त्याचे नाव आढळते.