लॉरेन्स ऑफ अरेबिया : अरबस्तान गाजवलेला कर्नल नाव बदलून एअरबेसवर साधा सैनिक का झाला?

सरकारी नोकरीत बदली म्हटलं की वशिला आलाच. कुणाला घराजवळचं ठिकाण हवं असतं, कुणाला मोठ्या साहेबाची खुर्ची. त्यासाठी माणसं मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवतात.

पण एक माणूस असा होऊन गेला, ज्याची ओळख थेट चर्चिल यांच्यापर्यंत होती. त्याने ती ओळख वापरली, पण मागितलं काय? तर हवाई दलातली सगळ्यात खालची जागा. झाडू मारायचा, भांडी घासायची, बराकीत झोपायचं आणि कुणी ओळखलं की दुसऱ्या एअरबेसवर निघून जायचं.

त्या माणसाचं नाव टी. ई. लॉरेन्स. जग त्याला लॉरेन्स ऑफ अरेबिया म्हणून ओळखतं.

१९६२ साली त्याच्यावर आलेला सिनेमा प्रचंड गाजला. त्याला सात ऑस्कर मिळाले आणि आपल्या आय. एस. जोहर यांचीही त्यात भूमिका होती. पण तो सिनेमा वाळवंटातल्या लढाईपाशीच संपतो. लॉरेन्सच्या आयुष्याची पुढची जवळपास तेरा वर्षं सैन्याच्या छावण्यांत आणि हवाई तळांवर गेली. त्यातली दोन वर्षं तर तेव्हाच्या भारतात.

लॉरेन्सचा जन्म १६ ऑगस्ट १८८८ रोजी वेल्समधल्या ट्रेमाडॉक गावात झाला. त्याचे वडील आयर्लंडमधले जमीनदार. आडनाव चॅपमन. पहिली बायको आणि मुली सोडून ते घरातल्या गव्हर्नेससोबत निघून आले आणि लॉरेन्स हे नवं आडनाव लावून राहू लागले. आईवडिलांचं लग्न झालेलं नव्हतं. म्हणजे ज्या नावाने हा माणूस जगप्रसिद्ध झाला, ते मुळात घेतलेलंच नाव होतं. पुढे त्याने नाव बदलायला फारसा विचार केला नाही, त्यामागे हेही असावं.

ऑक्सफर्डमध्ये तो इतिहास शिकला. १९०९ मध्ये जुने किल्ले बघायला सीरियात पायी फिरला. पुरातत्त्वाच्या उत्खननात काम करताना अरबी भाषा आणि माणसं त्याला कळली. पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा ब्रिटिशांना असाच माणूस हवा होता.

१९१६ मध्ये अरबांनी तुर्कांविरुद्ध बंड केलं. लॉरेन्स फैजलच्या फौजेसोबत राहिला. रेल्वेमार्ग उडवले, जुलै १९१७ मध्ये अकाबा बंदर घेण्यात वाटा उचलला आणि १ ऑक्टोबर १९१८ ला दमास्कस पडलं तेव्हा तो तिथे होता. युद्ध संपताना तो कर्नल झाला होता, वय फक्त ३०.

पण त्याच्या मनात एक सल होता. अरबांना स्वातंत्र्याच्या आशेवर लढायला लावलं होतं आणि दुसरीकडे ब्रिटन आणि फ्रान्सने १९१६ मध्येच सायक्स-पिको करार करून तो मुलुख आपसात वाटून घेतला होता. याची कल्पना असूनही आपण अरबांना पुढे नेलं, ही बोच त्याला सुटली नाही. राजा पाचवा जॉर्ज पदक द्यायला लागला तेव्हा त्याने ते नाकारलं.

त्यात लॉवेल थॉमस या अमेरिकन पत्रकाराने त्याच्यावर चित्रफितीचे खेळ सुरू केले. लंडनमध्ये गर्दी लोटली. लॉरेन्स रातोरात स्टार झाला. गंमत म्हणजे तो स्वतःही हे खेळ बघायला जायचा आणि त्याच वेळी या प्रसिद्धीने हैराणही व्हायचा.

१९२१ मध्ये चर्चिल यांनी त्याला वसाहत खात्यात सल्लागार म्हणून घेतलं. त्या वर्षी कैरोला परिषद झाली. इराक सांभाळायचं काम हवाई दलाकडे द्यायचं, असं तिथे ठरलं. याच काळात हवाई दलाचे प्रमुख ह्यू ट्रेंचर्ड यांच्याशी त्याचा संबंध आला. १९२२ च्या सुरुवातीला लॉरेन्सने त्यांच्याकडे विनंती केली, हवाई दलात यायचं आहे, पण अधिकारी म्हणून नाही, साधा सैनिक म्हणून.

विशेष म्हणजे १९१९ मध्ये रोमजवळ त्याच्या विमानाला अपघात झाला होता. दोन्ही वैमानिक गेले, लॉरेन्सची हाडं मोडली. तरीही त्याला हवाई दलच हवं होतं. विमान ही माणसाची पुढची मोठी झेप आहे आणि ती अधिकाऱ्यांपेक्षा मेकॅनिकच्या हातांवर उभी आहे, असं त्याला वाटायचं.

३० ऑगस्ट १९२२. लंडनमधल्या हेन्रिएटा स्ट्रीटवरचं भरती कार्यालय. जॉन ह्यूम रॉस नावाचा एक बुटका माणूस आत आला. भरती अधिकारी होते डब्ल्यू. ई. जॉन्स, जे पुढे बिगल्सच्या साहसकथा लिहून प्रसिद्ध झाले. जॉन्स यांनी नंतर सांगितलं की या माणसाची कागदपत्रं खोटी असल्याचं लक्षात आल्यावर त्यांनी त्याला परत पाठवलं होतं. पण वरून आदेश आला आणि रॉस भरती झाला.

पहिला मुक्काम अक्सब्रिजचा प्रशिक्षण तळ. इथे नव्या पोरांना सैनिक बनवायचे. पहाटे उठायचं, लोखंडी खाटेवर पांघरुणाची घडी ठरलेल्या मापात घालायची, बूट चमकवायचे, कवायत करायची. उरलेल्या वेळात स्वयंपाकघर, कचऱ्याचे डबे आणि डुकरांचे खुराडे साफ करायचे. बराकीतली पोरं विशीतली आणि हा ३४ वर्षांचा. रात्री दिवे मालवण्याआधी तो खाटेवर बसून दिवसभरात घडलेलं लिहून ठेवायचा. त्यातूनच 'द मिंट' हे त्याचं पुस्तक तयार झालं.

नोव्हेंबरमध्ये त्याला फार्नबरोच्या फोटोग्राफी शाळेत पाठवलं. पण २७ डिसेंबर १९२२ ला डेली एक्सप्रेसने बातमी फोडली. वाळवंटाचा नायक साधा सैनिक बनून राहतोय! एअरबेसच्या दारात पत्रकार जमले. वरिष्ठांची पंचाईत झाली, कारण आपल्याहून मोठ्या माणसाला हुकूम सोडायचे कसे? जानेवारी १९२३ मध्ये त्याला काढून टाकलं गेलं. ट्रेंचर्ड यांनी अधिकारीपद देऊ केलं. त्याने ते नाकारलं.

मग तो टी. ई. शॉ या नावाने लष्कराच्या टँक कोअरमध्ये शिरला. ठिकाण डॉर्सेटमधलं बोव्हिंग्टन. इथे त्याचा जीव रमला नाही. जवळच क्लाउड्स हिल नावाची झोपडीवजा जागा त्याने घेतली, तिथे पुस्तकं आणि ग्रामोफोन ठेवला. पण ओढ हवाई दलाचीच होती. अर्जावर अर्ज झाले, नकार येत राहिले. १९२५ मध्ये त्याने मित्राला जीव देण्याचा इशारा देणारं पत्र लिहिलं. मित्र घाबरले. लेखक जॉन बकन आणि बर्नार्ड शॉ यांनी पंतप्रधान बाल्डविन यांच्याकडे शब्द टाकला. एका साध्या सैनिकाच्या बदलीची फाईल थेट पंतप्रधानांपर्यंत गेली आणि ऑगस्ट १९२५ मध्ये तो हवाई दलात परतला.

आता मुक्काम क्रॅनवेल. हवाई दलाच्या कॅडेट कॉलेजचा तळ. विमानांच्या देखभालीतलं काम, बराकीतले दोस्त आणि सुट्टीला मोटारसायकल. हे दिवस त्याच्या आयुष्यातल्या सुखाच्या दिवसांपैकी होते.

मग त्याने ते सोडलं का?

कारण होतं त्याचंच पुस्तक. 'सेव्हन पिलर्स ऑफ विस्डम' या ग्रंथाची देखणी, मोजक्या प्रतींची आवृत्ती काढताना तो कर्जात बुडाला होता. ते फेडायला त्याची संक्षिप्त आवृत्ती १९२७ मध्ये बाजारात येणार होती. ती आली की पुन्हा पत्रकार एअरबेसच्या दारात येणार आणि पुन्हा नोकरी जाणार, हे त्याला दिसत होतं. म्हणून त्याने आधीच परदेशातली पोस्टिंग मागून घेतली. डिसेंबर १९२६ मध्ये तो डर्बीशायर नावाच्या जहाजात चढला आणि जानेवारी १९२७ मध्ये कराचीला उतरला. तेव्हा कराची मुंबई इलाख्यातच होती. सिंध वेगळा प्रांत झाला तो १९३६ साली.

कराचीबाहेर ड्रिघ रोडला हवाई दलाचा मोठा डेपो होता. तिथल्या इंजिन दुरुस्ती विभागात तो कारकून म्हणून लागला. कुठलं इंजिन आलं, कुठलं गेलं, याच्या नोंदी ठेवायच्या. चहूबाजूंनी रेताड माळ आणि धूळ. जुन्या वाळवंटाच्या आठवणी नको म्हणून तो तळाबाहेर पडणं टाळायचा. दुपारनंतरचा वेळ पुस्तकं, ग्रामोफोन आणि पत्रं यात जायचा. बर्नार्ड शॉ यांच्या पत्नी शार्लट त्याला नियमित पत्रं लिहायच्या. संक्षिप्त पुस्तक धडाक्यात खपलं, कर्ज फिटलं आणि वरचे पैसे त्याने हवाई दलाच्या धर्मादाय निधीला दिले. १९२७ मध्ये त्याने शॉ हे नाव कायदेशीर करून घेतलं. 'द मिंट' इथेच पूर्ण केलं. बराकीतलं खरं जगणं त्यात इतकं उघडं होतं की ट्रेंचर्ड यांना दलाच्या बदनामीची काळजी वाटली. ते पुस्तक सर्वसामान्य वाचकांच्या हाती आलं थेट १९५५ मध्ये.

१९२८ मध्ये त्याने पुन्हा बदली मागितली. या वेळी वायव्य सरहद्दीवर. भारतातल्या हवाई दलाचे प्रमुख जेफ्री सॅल्मंड त्याच्या ओळखीचे होते. काम झालं. ठिकाण मिळालं वझिरिस्तानातलं मीरनशाह. अफगाण सीमेपासून अगदी जवळचा मातीचा किल्ला, भोवती काटेरी तारा. हवाई दलाची जेमतेम पंचवीसेक माणसं आणि सोबत काही शे हिंदी स्काउट. दिवसा तारेबाहेर आणि रात्री किल्ल्याबाहेर जायला बंदी. इतरांना ही शिक्षेची पोस्टिंग वाटली असती. याला मात्र हवी होती ती शांतता इथे मिळाली. टायपिंग करून उरलेल्या वेळात तो होमरच्या ओडिसीचं इंग्रजी भाषांतर करू लागला.

पण नशिबाने इथेही गाठलंच. १९२८ च्या शेवटी अफगाणिस्तानात राजा अमानुल्लाविरुद्ध बंड पेटलं. तिकडे वर्तमानपत्रांनी गणित मांडलं. बंड करवणारा लॉरेन्स आणि तो सीमेवर! तो वेष बदलून अफगाणिस्तानात हेरगिरी करतोय, अशा बातम्या छापून आल्या. प्रत्यक्षात तो किल्ल्यात बसून टाईपरायटर बडवत होता. त्याच वेळी हवाई दलाची विमानं पेशावरहून उडून काबूलमध्ये अडकलेल्या लोकांना बाहेर काढत होती. ५८६ लोकांना वाचवणारी ती मोहीम मोठ्या हवाई सुटकांमधली पहिली मानली जाते. अशा नाजूक वेळी ही अफवा परवडणारी नव्हती. काबूलमधल्या ब्रिटिश वकिलाने त्याला हलवायला सांगितलं. जानेवारी १९२९ मध्ये त्याला विमानाने मीरनशाहमधून काढलं आणि मुंबईहून राजपुताना जहाजाने मायदेशी रवाना केलं.

ही बदली त्याने मागितली नव्हती.

पुढचं ठिकाण होतं प्लिमथजवळचा सी-प्लेनचा तळ, जो पुढे माउंट बॅटन नावाने ओळखला गेला. फेब्रुवारी १९३१ मध्ये त्याच्या डोळ्यांसमोर एक फ्लाइंग बोट समुद्रात कोसळली. नऊ जण गेले. तो बचावकार्यात धावला. पण बचावाच्या बोटी फार संथ आहेत, हे त्याला तिथे जाणवलं. आजवर प्रसिद्धीपासून पळणाऱ्या या माणसाने मग एका कामासाठी आपली सगळी ओळख पणाला लावली. बोट बांधणाऱ्या कंपनीसोबत त्याने वेगवान बोटींच्या चाचण्या घेतल्या, इंजिनं तपासली, वापराच्या सूचना लिहिल्या. दुसऱ्या महायुद्धात समुद्रात पडलेल्या वैमानिकांना वाचवणाऱ्या बोटी याच वाटेने पुढे तयार झाल्या.

फेब्रुवारी १९३५ मध्ये त्याची सेवा संपली. शेवटचा मुक्काम ब्रिडलिंग्टनचा होता. तिथून तो सायकलवर टांग टाकून निघाला. बराक सुटल्यावर करायचं काय, हे त्याला उमगत नव्हतं.

१३ मे १९३५ ला क्लाउड्स हिलजवळ सायकलवरच्या दोन मुलांना वाचवताना त्याची मोटारसायकल उलटली. डोक्याला मार लागला. सहा दिवसांनी, १९ मे रोजी तो गेला. वय ४६. ज्या बोव्हिंग्टनच्या छावणीत तो कधी रमला नाही, तिथल्याच दवाखान्यात त्याने शेवटचा श्वास घेतला. उपचार करणाऱ्यांमध्ये ह्यू केर्न्स हे डॉक्टर होते. त्यांनी पुढे मोटारस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा अभ्यास केला आणि १९४१ मध्ये ब्रिटिश लष्कराने निरोप पोचवणाऱ्या मोटारसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं.

आणि तो कराचीचा ड्रिघ रोड? लॉरेन्स भारतातून गेल्यावर चारच वर्षांनी, १ एप्रिल १९३३ ला, भारतीय हवाई दलाची पहिली स्क्वाड्रन तिथेच उभी राहिली. चार वापिटी विमानं आणि मूठभर माणसं. जिथे एक कर्नल आपलं नाव लपवून इंजिनांच्या नोंदी ठेवत होता, त्याच तळावरून भारतीय वैमानिकांनी आपलं नाव कमवायला सुरुवात केली.