वजीर देऊन जिंकलेला डाव

मैत्रिणींनो, त्याग हा शब्द आपल्या घरात नवा नाही. ताटातली शेवटची पोळी दुसऱ्याला वाढायची, धाकट्या दिराच्या शिक्षणासाठी आपलं बी.एड. पुढच्या वर्षावर टाकायचं आणि मग ते पुढचं वर्ष कधी येतच नाही. हे सगळं इतकं अंगवळणी पडलेलं असतं, की त्याचा कधी हिशोब मांडावा असं मनातही येत नाही. मांडलाच, तर आपल्यालाच अपराधी वाटतं. पण एक खेळ असा आहे, की तिथे त्यागाचा हिशोब आधी मांडावा लागतो. मांडला नाही, तर तो त्याग ठरत नाही, नुसती चूक ठरते.

तो खेळ बुद्धिबळाचा. आमच्या पुण्यात सध्या या खेळाला भलताच बहर आलाय. २०२४ मध्ये बुडापेस्टच्या ऑलिम्पियाडमध्ये भारताच्या मुलींनी सुवर्णपदक मिळवलं, त्या संघाचे कर्णधार आमच्या पुण्याचे ग्रँडमास्टर अभिजित कुंटे. २०२५ च्या एप्रिलमध्ये महिलांची ग्रां प्री स्पर्धा पुण्यातच झाली, ती कोनेरू हंपीनं जिंकली. आणि त्याच जुलैमध्ये आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखनं अंतिम फेरीत हंपीला हरवून महिलांचा विश्वचषक आणला. तेव्हापासून क्लासच्या दारात चपलांचे ढीग दिसतात, आणि त्यात छोट्या फ्रॉकवाल्यांच्या चपला बऱ्याच असतात.

भाचीला सोडायला मी अशाच एका क्लासला जाते. भिंतीवर मोठा पट टांगलेला असतो आणि सर त्यावर सोंगट्या अडकवत जुने डाव दाखवतात. त्यांनी मुलांना पहिल्यांदा दाखवलेला डाव १८५८ सालचा, पॅरिसमधला. खेळणारा होता एकवीस वर्षांचा अमेरिकन मुलगा, पॉल मॉर्फी. डाव पाहून मुलं टाळ्या वाजवायला लागली. मी मात्र घरी येऊन या मुलाचं पुढे काय झालं ते वाचत बसले, आणि वाचून झाल्यावर बराच वेळ गप्प होते.

मॉर्फीचा जन्म २२ जून १८३७ चा, अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरातला. घर तालेवार. वडील अलोन्झो मॉर्फी नामांकित वकील, पुढे लुइझियाना राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश झाले. आई फ्रेंच वळणाच्या घरातली, गाण्या-वाजवण्यात रमणारी. रविवारी घरात एकीकडे संगीत चालायचं आणि दुसरीकडे वडील आणि काका बुद्धिबळ मांडून बसायचे. छोटा पॉल बाजूला बसून बघायचा. त्याला खेळ कुणी हात धरून शिकवलाच नाही, बघता बघता तो शिकला, असं सांगतात. बारा वर्षांचा असताना युरोपातून आलेल्या लोवेन्थाल नावाच्या नाणावलेल्या खेळाडूला त्यानं हरवलं. समोर बसलेला मुलगा काय चीज आहे, हे त्या पाहुण्याला डाव हातचा गेल्यावरच कळलं असणार.

पण घराला हवा होता वकील. खेळ म्हणजे विरंगुळा, पोटापाण्याचा धंदा नव्हे. आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांसारखंच! मुलगा आज्ञाधारक होता आणि हुशारही. १८५७ मध्ये कायद्याची पदवी घेतली, तेव्हा त्याचं वय वीसही पुरं नव्हतं. राज्याचा दिवाणी कायदा त्याला जवळजवळ तोंडपाठ होता म्हणे. पण वकिली करायला एकवीस पूर्ण हवीत. वडील आदल्याच वर्षी वारले होते. मधला वेळ रिकामा होता, म्हणून तो न्यूयॉर्कला अमेरिकेतल्या पहिल्या मोठ्या बुद्धिबळ स्पर्धेला गेला आणि ती जिंकून आला. पुढच्या वर्षी तो युरोपला निघाला.

तिथे त्यानं काय केलं नाही! इंग्लंडमधला सर्वात नावाजलेला खेळाडू स्टाँटन त्याच्याशी सामना खेळायचं टाळतच राहिला. पॅरिसमध्ये कॅफे द ला रेजांस या प्रसिद्ध कॅफेत मॉर्फीनं पटाकडे न बघता एकाच वेळी आठ जणांशी डाव मांडले. दहा तास बसून सहा जिंकले, दोन बरोबरीत सोडवले. डिसेंबरमध्ये जर्मनीच्या अँडरसनशी सामना झाला. अँडरसन तेव्हा युरोपात सर्वश्रेष्ठ मानला जाई. मॉर्फी आजारी होता, हॉटेलच्या खोलीत कसाबसा उठून बसत होता, तरी त्यानं सात डाव जिंकले आणि फक्त दोन गमावले.

पण आजही मुलांना दाखवतात तो डाव काही सामन्यातला नाही. तो झाला ऑपेरा थिएटरात! ब्रन्सविकचा ड्यूक आणि त्याचा मित्र काउंट इसुआर या दोघांनी मॉर्फीला आपल्या राखीव कक्षात बोलावलं आणि समोर पट मांडला. ते दोघं मिळून एका बाजूला, आपसात सल्लामसलत करत, आणि हा एकटा दुसऱ्या बाजूला. मॉर्फीला संगीताचं वेड, पण त्याला रंगमंचाकडे पाठ करून बसावं लागलं, असं सांगतात. गाणं ऐकायचं म्हणून असेल किंवा कसंही असेल, त्यानं डाव सतरा चालींत संपवला.

बुद्धिबळ येत नसेल तरी हरकत नाही, मी सोपं करून सांगते. मॉर्फीकडे पांढऱ्या सोंगट्या. आठव्या चालीला त्याला समोरचं एक प्यादं फुकट मिळत होतं. आपण भाजीवालीनं वर घातलेली मिरची-कोथिंबीर सोडतो का? त्यानं सोडलं! कारण ते प्यादं घेतलं असतं, तर समोरच्यांना वजिराला वजीर भिडवून मारामारी करून घेता आली असती आणि हल्ल्याचा जोरच गेला असता. त्याऐवजी त्यानं आपला आणखी एक घोडा घराबाहेर काढला. समोरच्यांच्या सोंगट्या मात्र अजून घरातच, आणि त्यांचा राजा पटाच्या मधोमध उघडा.

दहाव्या चालीला त्यानं घोडा दिला. बदल्यात दोन प्यादी मिळाली, शह मिळाला आणि राजाकडे जायची वाट मोकळी झाली. बाराव्या चालीला किल्लेकोट केला. या एकाच चालीत त्याचा राजा सुरक्षित कोपऱ्यात गेला आणि हत्ती थेट मधल्या उभ्या पट्टीवर आला. एका हातानं कुकर लावता लावता दुसऱ्या हातानं डबा भरावा, तसं! तेराव्या चालीला त्या हत्तीनं काळ्या राजाच्या शेजारी ढाल बनून उभा असलेला घोडा मारला आणि स्वतः मेला. पण लगेच दुसरा हत्ती त्याच पट्टीवर येऊन उभा. आता समोरच्याला जागचं हलता येईना.

मग आली सोळावी चाल. मॉर्फीनं वजीर सरळ काळ्या राजाच्या रांगेत नेऊन शह दिला. समोरच्याला एकच उत्तर होतं, घोड्यानं वजीर मारणं. घोडा वजीर मारायला गेला आणि ती मधली पट्टी मोकळी झाली. सतराव्या चालीला हत्ती त्याच पट्टीवरून शेवटच्या घरात, मागून उंटाचा आधार, आणि मात. पटावर पांढऱ्याकडे राजा आणि प्याद्यांखेरीज उरले एक हत्ती आणि एक उंट. काळ्याकडे वजीर, हत्ती, उंट, घोडा, सगळं शिल्लक! पण त्यातला हत्ती आणि उंट शेवटपर्यंत जागचे हललेच नव्हते. घर भरलेलं, आणि ऐन वेळी मदतीला कुणी नाही.

आपण ज्याला वजीर म्हणतो, ती युरोपात राणी असते. पटावरची सगळ्यात ताकदवान सोंगटी, आणि तीच बळी दिली! हे ऐकून माझ्या मनात पटकन आलं, की बघा, इथेही बाईनंच जायचं. पण डाव पुन्हा मांडून बघितला तेव्हा लक्षात आलं, इथे गोष्ट वेगळी आहे. मॉर्फीनं जे जे दिलं, त्या प्रत्येकाच्या बदल्यात काय मिळणार हे त्याला देण्याआधीच दिसत होतं. सवय म्हणून किंवा लोक चांगलं म्हणतील म्हणून त्यानं साधं प्यादंसुद्धा दिलं नाही.

पटावर इतका चोख हिशोब करणारा हा मुलगा १८५९ मध्ये मायदेशी परतला. न्यूयॉर्कमध्ये मोठा सत्कार झाला, सोन्या-चांदीच्या सोंगट्यांचा संच भेट मिळाला. त्यानंतर थोड्याच काळात त्यानं स्पर्धेचं बुद्धिबळ जवळजवळ सोडून दिलं. हा काही आयुष्य वाहून घ्यायचा धंदा नव्हे, असं त्याचं स्वतःचंही मत होतं. लहानपणापासून घरात ऐकलेलं मत माणूस शेवटी आपलंच मानायला लागतो, नाही का? आता वकिली करायची, नाव कमवायचं, असं त्यानं ठरवलं.

पण वकिली काही बसली नाही. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, न्यू ऑर्लिन्स होरपळलं. तो मध्यंतरी पॅरिसला जाऊन राहिला, परत आला. कचेरी उघडली, तर येणारे लोक खटल्याऐवजी बुद्धिबळाच्याच गोष्टी काढत. एका मुलीनं, नुसत्या बुद्धिबळ खेळणाऱ्याशी लग्न कसं करायचं म्हणून त्याला नकार दिला, अशीही गोष्ट सांगितली जाते. म्हणजे खेळ सोडला तरी खेळाडूचा शिक्का काही सुटला नाही, आणि ज्याच्यासाठी सोडला ते हाती लागलं नाही.

पुढे त्याचं मन बिघडलं. वडिलांच्या इस्टेटीवरून मेहुण्याशी वाद झाला, आणि आपल्याला कुणीतरी विष घालणार अशी भीती त्याच्या मनात बसली. तो फक्त आईच्या आणि बहिणीच्या हातचं खायचा. ज्याच्यासाठी पॅरिसच्या कॅफेत गर्दी लोटली होती, त्याला रोज ताट वाढताना त्या माउलीला काय वाटत असेल! एकदा घरच्यांनी त्याला नन्स चालवत असलेल्या एका आश्रमात उपचाराला नेलं. तिथे त्यानं आपले हक्क कायद्यानं इतके नीट मांडले, की त्यांनी त्याला ठेवून घ्यायलाच नकार दिला आणि घरचे त्याला परत घेऊन आले. एवढा शिकलेला कायदा कामी आला तो इथे.

१० जुलै १८८४ ला भर दुपारच्या उन्हात फिरून आल्यावर तो आंघोळीला गेला, तो बाहेर आलाच नाही. वय अवघं सत्तेचाळीस. बराच वेळ झाला म्हणून बघायला गेलेल्या आईलाच तो दिसला.

खेळ सोडला म्हणून तो आजारी पडला, असं मी म्हणणार नाही. मनाचे आजार इतके सरळ नसतात, आणि त्याच्या आईला दोष देण्याचं तर माझ्या मनातही नाही. तिनं शेवटपर्यंत त्याला सांभाळलं. पण एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. पटावर घोडा देताना पुढच्या चाली मोजणाऱ्या या माणसानं आपल्या हातची सगळ्यात मोठी गोष्ट देऊन टाकली, तेव्हा त्याला थांबवून बदल्यात काय मिळणार असं विचारणारं कुणी भेटलं नसावं. उलट खेळ सोडल्याबद्दल शहाणा मुलगा म्हणून कौतुकच झालं असेल.

आपल्याकडे १९७४ मध्ये बंगळूरला महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, ती वासंती खाडिलकर यांनी जिंकली. पुढे त्यांच्या बहिणी जयश्री आणि रोहिणी यांनीही देशभर नाव काढलं, आणि १९८१ मध्ये रोहिणीताई आशियाई विजेत्या झाल्या. तीन मुलींच्या हातात पट देणारं घर त्या काळात होतं, म्हणून हे झालं. नाहीतर दहावीचं वर्ष आलं की मुलीचा क्लास आधी बंद होतो. गाणं असो, खो-खो असो, नाहीतर चित्रकला.

तेव्हा मैत्रिणींनो, मुलीला काही सोडायला सांगायची वेळ आली, तर आधी तिच्याशेजारी बसून हिशोब मांडा. काय जातंय, काय येतंय आणि किती चालींनंतर येतंय. आणि हाच हिशोब कधीतरी स्वतःसाठीही मांडा. द्यायचं असेल तर जरूर द्या, वजीरसुद्धा द्या. फक्त देण्याआधी पुढची चाल दिसतेय ना, एवढं बघा.