मांद्र्याचे डॉक्टर भाऊ दाजी

पेडणे म्हटलं की हल्ली सगळ्यांना मोपाचा विमानतळ आणि मोरजी-हरमलचे किनारे आठवतात. मांद्रे हे त्याच पट्ट्यातलं गाव. मी स्वतः पेडणे तालुक्यातली, रोज कदंब बसनं कॉलेजला येणारी. या वर्षी आपलं मराठी मंडळ व्यावसायिक कौशल्यांची कार्यशाळा घेणार आहे आणि तिच्या आखणीच्या समितीत मी आहे. कार्यशाळा कुणासाठी, कुठल्या भाषेत, किती वाजता, यावर आमची बरीच चर्चा चालू आहे. या निमित्तानं मला मांद्र्यात जन्मलेल्या एका माणसाबद्दल लिहावंसं वाटलं. हे सगळे प्रश्न त्याच्या पिढीनं पावणेदोनशे वर्षांपूर्वी हाताळले होते.

हा माणूस म्हणजे डॉ. भाऊ दाजी लाड. मूळ नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. त्यांचा जन्म 1820 च्या दशकातला. त्या वेळी पेडणे पोर्तुगिजांच्या ताब्यात येऊन जेमतेम एक पिढी झाली होती. डिचोली काय नि पेडणे काय, नव्या काबिजादीतल्या या महालांत गरीब घरच्या मुलाला शिकायची सोय नव्हतीच म्हणा. पोटापाण्यासाठी हे कुटुंब मुंबईला गेलं. मुलगा बुद्धिबळात फार हुशार. एका इंग्रज माणसानं त्याचा खेळ पाहिला आणि याला इंग्रजी शिकवा असं वडिलांना सुचवलं, अशी हकिकत सांगतात. पुढे भाऊ एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये शिकले. कच्छ-काठेवाडातल्या बालिकाहत्येवर त्यांनी लिहिलेल्या निबंधाला बक्षीस मिळालं आणि त्याच संस्थेत ते शिक्षकही झाले.

1845 मध्ये मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालं. हातातली नोकरी सोडून भाऊ तिथं पुन्हा विद्यार्थी झाले. कॉलेजातून बाहेर पडलेल्या पहिल्याच तुकडीत ते होते. पुढे प्रार्थना समाजाचे संस्थापक म्हणून ओळखले गेलेले आत्माराम पांडुरंगही याच तुकडीतले. आपल्या बार्देशातल्या आसगावचे, नंतर वनस्पतींच्या अभ्यासासाठी नावाजलेले डॉ. लिझबोआ हेही ग्रँट मेडिकलचेच. हिंदू, पारशी, ख्रिस्ती मुलं एका बाकावर बसून शरीरशास्त्र शिकत होती. त्या काळी ही साधी गोष्ट नव्हती. मृतदेहाला हात लावायचा म्हणजे घरचा आणि जातीचा रोष ओढवून घ्यायचा.

पदवी हातात पडल्यावर शिक्षण संपलं असं या मंडळींनी मानलं नाही. त्यांनी ग्रँट कॉलेज मेडिकल सोसायटी चालवली. डॉक्टरांनी एकत्र जमायचं, आपण पाहिलेल्या रोग्यांबद्दल आणि औषधांबद्दल निबंध वाचायचे, त्यावर चर्चा करायची. आज आपण ज्याला व्यावसायिक विकासाचा कार्यक्रम म्हणतो, तो याहून फारसा वेगळा नसतो.

पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी. एल्फिन्स्टनच्या आजी-माजी विद्यार्थ्यांची ही सभा 1848 मध्ये स्थापन झाली. तिथले निबंध इंग्रजीत वाचले जात. साहजिकच ज्याला इंग्रजी येत नाही तो दाराबाहेर राहायचा. मग याच सभेला मराठी आणि गुजराती शाखा जोडल्या गेल्या. मराठी शाखा म्हणजे उपयुक्त ज्ञानप्रसारक सभा. दादोबा पांडुरंग तिचे अध्यक्ष होते. 1850 मध्ये मराठी ज्ञानप्रसारक हे मासिकही निघालं. तेच ज्ञान, पण ऐकणाऱ्याच्या भाषेत. ही शाखा म्हणजे कमी दर्जाची सोय आहे असं कुणी समजलं नाही, कारण तिथं बोलणारे लोक इंग्रजी सभेतलेच होते.

दुसरी अडचण मुलींची. सभेत मुली येणार कशा? त्यांना लिहा-वाचायलाच कुणी शिकवलं नव्हतं. म्हणून 1849 मध्ये सभेनं मुलींच्या शाळा काढल्या. सभेचे तरुण सभासद आपलं काम सांभाळून, पगार न घेता शिकवायचे. दादाभाई नौरोजी या कामात पुढे होते. जगन्नाथ शंकरशेट यांनी आपल्या वाड्यात शाळेला जागा दिली. भाऊ दाजी या सोसायटीचे पहिले भारतीय अध्यक्ष झाले आणि स्त्रीशिक्षणाचा प्रश्न त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही. मित्रांनी आणि चाहत्यांनी निधी जमवून मुलींच्या एका शाळेला त्यांचं नाव दिलं.

बाकी कामंही थोडी नव्हती. 1852 मध्ये बॉम्बे असोसिएशन स्थापन झाली, तिच्या चिटणीसांपैकी एक भाऊ होते. 1857 मध्ये मुंबई विद्यापीठ निघालं, त्याच्या मूळ फेलोंमध्ये त्यांचं नाव आहे. रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचं दार 1840 च्या आसपासपर्यंत आपल्या लोकांना बंद होतं. तिथंच भाऊंनी अजिंठ्याचे शिलालेख, कालिदासाचा काळ, आर्यभट अशा विषयांवर निबंध वाचले आणि पुढे ते तिचे उपाध्यक्ष झाले. मुंबईचं नगरपालपद, म्हणजे शेरिफचं पद, त्यांना दोनदा मिळालं, 1869 आणि 1871 मध्ये.

माणूस मोठा होता म्हणून त्याची उणी बाजू झाकायचं कारण नाही. महारोगावर भाऊंनी खूप वर्षं काम केलं. आपल्या जुन्या ग्रंथांतली औषधं ते रोग्यांवर तपासून पाहत. एका उपचारानं गुण येतो असं त्यांना दिसलं, पण ते औषध कोणतं हे त्यांनी बराच काळ उघड केलं नाही. यावरून त्यांच्यावर टीका झाली आणि मला ती रास्त वाटते. कदाचित खात्री पटल्याशिवाय बोलायचं नाही असा त्यांचा विचार असेल. पण ज्या माणसानं ज्ञान सगळ्यांपर्यंत पोचावं म्हणून सभा चालवल्या, त्यानंच एक औषध मुठीत ठेवलं, हे खरं. चर्चेसाठी डॉक्टरांची सभा का लागते, हे यावरूनच कळतं. एकट्यानं ठेवलेलं ज्ञान दुसऱ्याला तपासता येत नाही.

अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईत कापसाचा पैसा आला आणि शेअरचं वेड लागलं. 1865 मध्ये तो फुगा फुटला, त्यात भाऊंचीही मोठी कमाई गेली. तरी डॉक्टरकी, अभ्यास आणि गरिबांवरचे मोफत उपचार त्यांनी सोडले नाहीत. मे 1874 मध्ये ते वारले, पन्नाशीच्या आसपास. भायखळ्याच्या राणीबागेतलं वस्तुसंग्रहालय उभं करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. 1975 मध्ये त्याला त्यांचं नाव मिळालं. मुंबईला गेलात तर जरूर पाहा. बाहेर घारापुरीहून आणलेला दगडी हत्ती उभा आहे.

आता आपल्याकडे येऊ. गोवा मुक्त झाल्यावर इथं जी पहिली कॉलेजं निघाली, ती 1985 मध्ये गोवा विद्यापीठ होईपर्यंत मुंबई विद्यापीठाशीच जोडलेली होती. म्हणजे ज्या विद्यापीठाच्या पायाभरणीत मांद्र्याचा मुलगा होता, त्याच विद्यापीठाची पदवी घेऊन आपले कितीतरी शिक्षक शिकले. हे नातं आपण विसरू नये.

आणि कार्यशाळेचं म्हणाल, तर माझं मत भाऊंच्या सभेकडे पाहून बनलंय. पहिलं, भाषा. मुलाखत कशी द्यावी, अर्ज कसा लिहावा हे इंग्रजीत शिकवायला हरकत नाही, पण समजावून सांगणं आणि प्रश्न विचारणं मराठीत नि कोंकणीत व्हायला हवं. आणि तेच तज्ज्ञ दोन्हीकडे बोलायला हवेत. मराठी गटाला उरलासुरला वक्ता द्यायचा नाही. दुसरं, वेळ. संध्याकाळी पाचला सुरू होणारा कार्यक्रम जवळ राहणाऱ्यांसाठी असतो. डिचोलीच्या आतल्या गावांतली किंवा पेडण्याच्या टोकाची मुलगी बसचा विचार करून आधीच नाव देत नाही, आणि मग आपण म्हणतो की मुलींना रस नाही. तिसरं, जागा. वरच्या मजल्यावरचा हॉल दिसायला छान आहे, पण आपल्या एका सभासदाला जिने चढता येत नाहीत. तळमजल्याची खोली लहान असली तरी चालेल. ज्याला कमी ऐकू येतं किंवा कमी दिसतं, त्याला टिपणं आदल्या दिवशी मोठ्या अक्षरांत द्यायची. नाव नोंदवण्याच्या अर्जातच, तुम्हाला काय सोय लागेल, असा एक रकाना ठेवायचा आणि तो वाचायचं काम एका माणसाकडे सोपवायचं. नाहीतर रकाना भरला जातो आणि पुढे काहीच होत नाही.

यातल्या एकाही गोष्टीला मोठा खर्च नाही. 1849 च्या त्या तरुणांकडेही पैसे कमीच होते. कोण येत नाही, आणि का येत नाही, एवढं त्यांनी आधी विचारलं. पुढच्या बैठकीत हे मुद्दे मी मांडणार आहे. ज्यांना आणखी सुचवायचं असेल त्यांनी जरूर या. बैठक दुपारी बाराला ठेवलीय, म्हणजे सगळ्यांना घरची बस मिळेल.