जेटच्या छिद्रामागचा माणूस

गेल्या दिवाळीत मामांचा जुना पेट्रोल ट्रॅक्टर काही केल्या चालू होईना. झालाच तर दोन आचके देऊन बंद! मामा तो भंगारात द्यायला निघाले होते. घरात इंजिनिअरिंगचा भाचा असताना ही नामुष्की नको, म्हणून मी कार्बोरेटर खोलला. फ्लोटच्या वाटीत गंज आणि गाळ, जेट पार बुजलेलं. तार घातली तर छिद्र मोठं होतं, म्हणून पेट्रोलने धुऊन पंपाने हवा मारली. तिसऱ्या हँडलला ट्रॅक्टर धडधडला!

हॉस्टेलवर परतल्यावर मात्र प्रश्न पडला, हे जेट मुळात सुचलं कुणाला? लायब्ररीत नाव सापडलं, विल्हेल्म मायबाख.

जन्म १८४६, जर्मनीतलं हाइलब्रॉन. वडील सुतार. दहाव्या वर्षी हा पोरका झाला आणि रॉइटलिंगेनच्या आश्रमात वाढला. तिथल्याच कारखान्यात ड्रॉइंग शिकला. तिथेच त्याला गॉटलीब डाइमलर भेटला आणि जन्माची जोडी जमली. १८८२ मध्ये दोघांनी कानस्टाटला डाइमलरच्या बागेतल्या काचघरात वर्कशॉप थाटलं. १८८५ मध्ये त्यांचं इंजिन लाकडी दुचाकीवर बसलं.

त्या काळचे कार्बोरेटर पेट्रोलच्या वाफेवर चालत. हलका भाग आधी उडून जाई, जड मागे राही आणि मिश्रण बिघडे. १८९३ मध्ये मायबाखने फवाऱ्याचा कार्बोरेटर केला. फ्लोट पेट्रोलची पातळी राखतो आणि इंजिन हवा ओढतं, तेव्हा त्या ओढीने बारीक जेटमधून पेट्रोल फवारलं जातं. मामांच्या ट्रॅक्टरमध्ये मी साफ केलं ते हेच!

१९०० मध्ये डाइमलर गेला. त्याच वर्षाअखेर मायबाखने पहिली ३५ हॉर्सपॉवरची मर्सिडीज घडवली. तरीही कंपनीत त्याला बाजूला सारलं गेलं आणि १९०७ मध्ये त्याने ती सोडली. वय एकसष्ट. आपण असतो तर घरी बसलो असतो. त्याने १९०९ मध्ये मुलगा कार्लला सोबत घेऊन झेपेलिनच्या हवाई जहाजांसाठी इंजिनं बनवायचा उद्योग उभा केला. कॉलेजची पदवी नसलेल्या या माणसाला १९१६ मध्ये श्टुटगार्टच्या तंत्र विद्यापीठाने मानद डॉक्टरेट दिली. १९२९ मध्ये तो गेला.

मित्रांनो, कार्बोरेटरची आकृती मी पेपरात दोनदा काढली होती, मार्कही मिळाले होते. पण ती समजली मामांच्या शेडमध्ये, हात काळे झाल्यावर. आश्रमातल्या त्या पोराने सुरुवातच तिथून केली होती.