मॅट्रिक न झालेला डी.लिट.

थोरामोठ्यांच्या चरित्रांत किराण्याचा हिशेब सहसा येत नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या चरित्रात तो पानोपानी येतो. खेड्यातल्या पोराला शिकवायचे तर आधी त्याला जेवू घालावे लागते, आणि जेवण रोज लागते. या माणसाचा उभा जन्म त्याच विवंचनेत गेला.

भाऊराव पायगोंडा पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ चा, कोल्हापूरजवळच्या कुंभोजचा. घर जैन. शिक्षणासाठी कोल्हापुरात जैन बोर्डिंगात राहिले. पण अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या समारंभाला गेले आणि परत आल्यावर अंघोळ करायला नकार दिला, म्हणून बोर्डिंग सुटले. शाहू महाराजांची छाया मिळाली. इंग्रजी सहावीच्या पुढे मात्र गाडी सरकली नाही. पुढे १९१४ साली राजपुतळ्याला डांबर फासल्याच्या प्रकरणात अण्णासाहेब लठ्ठ्यांविरुद्ध खोटी साक्ष द्यायला ते तयार झाले नाहीत. त्यासाठी त्यांनी कोठडीतले हाल सोसले.

मग पोटापाण्याचा धंदा. ओगल्यांची काच विकली, किर्लोस्करांचे नांगर विकले. फिरता विक्रेता म्हणून माणूस हुशार. हा उद्योग धरून ठेवला असता तर बंगला बांधून सुखात राहिले असते. पण नांगर विकायला गावोगाव हिंडायचे म्हणजे शेतकऱ्याच्या ओसरीवर बसायचे, आणि कागद वाचता न येणारा कुणबी सावकाराच्या वहीवर अंगठा कसा उठवतो ते पाहायचे. १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था निघाली. १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू झाले. मराठा, महार, मुसलमान, जैन, सगळी पोरे एका पंगतीला. त्या काळी ही गोष्ट सोपी नव्हती. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाला शाहू महाराजांचे नाव मिळाले.

नाव मिळाले तरी चूल पेटायला शिधाच लागतो. इथे लक्ष्मीबाईंबद्दल बोलल्याखेरीज पुढे जाता येणार नाही. भाऊराव वर्गणीसाठी वणवण फिरत, आणि मागे पोरांचे दुखणे-खुपणे, जेवणखाण या माउलीच्या अंगावर. स्वतः जुन्या वळणाच्या, सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या. तरी सगळ्या जातींची पोरे त्यांनी पोटच्या लेकरांसारखी सांभाळली. अंगावरचे दागिने एकेक करून गेले, आणि एकदा घरात दाणा नाही म्हणून मंगळसूत्रही गेले. बँकेत असताना सोनेतारणाच्या खिडकीवर मी पुष्कळ बायका पाहिल्या. मंगळसूत्र पुढे करताना त्यांचा हात थबके. तोही स्वतःच्या मुलांसाठी. लक्ष्मीबाई १९३० साली गेल्या. कर्मवीर ही पदवी एकट्या भाऊरावांची, याची मला थोडी रुखरुख वाटते.

भाऊरावांना फुकट शिकवणे मंजूर होते, फुकट खाणे नव्हे. पोरे शेतात राबत, स्वयंपाक करत, बांधकामावर दगडमाती वाहत. ‘कमवा आणि शिका’ ती हीच. घरून मनिऑर्डर येणार नाही अशा मुलाला यामुळे ताठ मानेने शिकता आले. १९४० साली साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले. १९४७ साली तिथेच छत्रपती शिवाजी कॉलेज. तोवर कॉलेज म्हणजे पुण्या-मुंबईचे भाडे, खाणावळ आणि कुणाची तरी ओळख. शेतकऱ्याच्या मुलासाठी आता ते साताऱ्याला आले. कॉलेजचे नाव बदलाल तर मोठी देणगी देतो म्हणणाऱ्याला भाऊरावांनी परत पाठवले, असे सांगतात.

१९४८ मध्ये सरकारी अनुदान थांबले. हजारो पोरांचा प्रश्न होता. त्या वेळी गाडगेबाबांनी संस्थेसाठी शब्द टाकला आणि अनुदान पुन्हा सुरू झाले. १९५४ साली कराडला कॉलेज निघाले, त्याला नाव दिले गाडगे महाराजांचे. सही करायचीही पंचाईत असलेल्या साधूचे नाव कॉलेजवर! दुसऱ्याच वर्षी साताऱ्यात शिक्षक तयार करणारे आझाद कॉलेज सुरू झाले, कारण शाळा वाढल्या तरी त्यांत शिकवायला खेड्याची नस ओळखणारी माणसे हवी होती. वसतिगृहात वाढलेली कितीतरी पोरे मास्तर होऊन संस्थेतच परतली.

१९५९ साली पद्मभूषण मिळाले. त्याच वर्षी पुणे विद्यापीठाने या मॅट्रिकही न झालेल्या माणसाला डी.लिट. दिली. ९ मे १९५९ रोजी भाऊराव गेले. समाधी साताऱ्यात आहे. पुणे विद्यापीठाच्या ‘कमवा व शिका’ योजनेला पुढे त्यांचेच नाव दिले गेले; ग्रंथालयात, बागेत, कार्यालयात तासाच्या हिशेबाने काम करून त्यातली मुले आपला मेसचा खर्च भागवतात.