कमला सोहोनी : डाळीतल्या प्रथिनांचा शोध

कमलाबाईंची गोष्ट सांगताना आपण बहुतेक एकाच प्रसंगावर थांबतो. १९३३ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सर सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला, आणि त्या हटून बसल्या. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटी घालून. पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून धरलं जाणार नव्हतं. रामनांसारखा माणूस असं वागला, हे मुलांपासून लपवायचं कशाला? पुढे त्यांनीच संस्थेचं दार मुलींसाठी उघडलं, तेही सांगावं.

पण तिथे जाऊन त्यांनी केलं काय, हे राहूनच जातं. त्यांनी दूध आणि डाळी-कडधान्यांतली प्रथिनं अभ्यासली. म्हणजे आपल्या वरणभाताचाच अभ्यास की!

जन्म १९११, इंदूर. माहेरचं आडनाव भागवत. लेखिका दुर्गा भागवत त्यांच्या थोरल्या बहीण. वडील, काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ. पुढे केंब्रिजला बटाट्यावर काम करताना, पेशीच्या श्वसनात लागणारं सायटोक्रोम सी हे प्रथिन वनस्पतींतही असतं, हे त्यांनी दाखवलं. १९३९ मध्ये पीएच.डी. झाली. प्रबंध जेमतेम चाळीस पानांचा!

परत आल्यावर दिल्ली, कुन्नूर आणि लग्नानंतर मुंबईची विज्ञान संस्था. इथलं काम मला वर्गासाठी सगळ्यात मोलाचं वाटतं. आपल्या आतड्यात ट्रिप्सिन नावाचं विकर प्रथिनं पचवतं. कच्च्या कडधान्यांत या ट्रिप्सिनलाच अडवणारे पदार्थ असतात. ते त्यांनी भारतीय धान्यांत तपासले. नीट शिजवलं की त्यांचा जोर बराच कमी होतो. मुलं विचारतात ना, डाळ कच्ची का नाही खायची? हे घ्या उत्तर.

नीरेवरही त्यांनी काम केलं. कुपोषण म्हटलं की आपल्याला विदर्भात मेळघाट आठवतो. कमलाबाईंनी आदिवासी भागातली कुपोषित मुलं आणि गरोदर बायांना नीरा देऊन तब्येत सुधारते का, ते पाहिलं. सुधारली. या कामासाठी राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

तरी विज्ञान संस्थेचं संचालकपद त्यांना उशिराच मिळालं. निवृत्तीनंतर ग्राहक चळवळीत शिरल्या, अन्नभेसळीवर लिहीत राहिल्या. १९९८ मध्ये दिल्लीत त्यांच्याच सत्काराच्या कार्यक्रमात त्या कोसळल्या आणि थोड्याच काळात गेल्या.