रेव्हरंड टिळकांचे दोन त्याग

रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे १८६१ मध्ये जन्मलेल्या नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. ज्ञाती, आप्तेष्ट आणि पत्नी लक्ष्मीबाई यांना ते अंतरले. लक्ष्मीबाईंची साथ काही वर्षांनी पुन्हा लाभली. पुढे मिशनच्या आश्रयाने जीवन स्थिरावले. १९१२ पासून ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादनही त्यांच्याकडे आले. तरीही १९१७ मध्ये मिशनची वेतनी सेवा सोडून त्यांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापिला. बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही तेथे स्थान होते. पहिल्या त्यागात स्वजन दुरावले, दुसऱ्यात मिशनचा आधार सुटला. ख्रिस्तभक्ती मराठी संतपरंपरेच्या वळणाने रुजविण्याचा त्यांचा ध्यास मात्र दुसऱ्या त्यागातच पूर्णत्वाने प्रकटतो. १९१९ मध्ये ते निवर्तले. अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुढे नेले.